मागच्या बाकावरचा आवाज

आम्ही शाळेत होतो तेव्हा वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्यासाठी ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या कागदाला मोठी मागणी असे. कागद जाड आणि गुळगुळीत, छपाई रंगीत आणि वर्गणी अगदी नाममात्र. ज्याच्या घरी तो अंक येई त्याचा वर्गात वेगळाच मान असे. माझ्या भूमितीच्या पुस्तकावर गव्हाच्या शेतात ट्रॅक्टरवर बसून हसणारी एक तरुणी वर्षभर होती. धरणे, अंतराळवीर, कवायत करणारी मुले असे सारे चित्र होते. त्या देशात कोणी उदास असू शकतो ही कल्पनाही आम्हाला शिवली नाही.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि तोच देश मला दोन पानांत शिकवावा लागू लागला. १९८५ साली गोर्बाचेव्ह सत्तेवर आले, त्यांनी ‘ग्लासनोस्त’ म्हणजे मोकळेपणा आणि ‘पेरेस्त्रोइका’ म्हणजे पुनर्रचना ही दोन धोरणे आणली, आणि १९९१ साली सोव्हिएत संघराज्य संपुष्टात आले. मुले हे पाठ करतात आणि गुण मिळवतात. काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, लोकांना हे नको होते तर ते बोलत का नव्हते?” मी म्हटले, “बोलायला बंदी होती.” त्यावर तो म्हणाला, “मग काय करत होते?” मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापाशी पोहोचलो, तो कोणी पुढारी नव्हता की लेखक नव्हता. लेनिनग्राडमधला तो एक गायक होता. त्याचे नाव व्हिक्टर त्सोय.

आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. रशियात मात्र आजही ते घराघरांत ठाऊक आहे. त्याचा जन्म २१ जून १९६२ चा, लेनिनग्राड म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधला. आई रशियन, शाळेत व्यायामशिक्षिका. वडील इंजिनिअर, पण वंशाने कोरियन. ‘त्सोय’ हे ‘चोय’ या कोरियन आडनावाचेच रशियन रूप. हे कोरियन लोक मूळचे सोव्हिएत अतिपूर्वेच्या सरहद्दीवर वस्ती करून राहिलेले. त्यांच्यात जपानचे हेर असतील या संशयावरून स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली सुमारे १ लाख ७० हजार माणसांना आगगाड्यांत कोंबले आणि हजारो किलोमीटर दूर कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन सोडले. व्हिक्टरच्या वडिलांचा जन्म १९३८ साली कझाकस्तानातच झाला. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसांच्या निष्ठेविषयी राजधानीला किती सहज संशय येतो, हे आपल्या भागातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून त्याला कलाशाळेत घातले. पण तिथे त्याचे मन गिटारमध्ये गुंतले. मित्रांबरोबर त्याने एक बँड काढला आणि त्याला चेखॉव्हच्या प्रसिद्ध कथेवरून ‘वॉर्ड नंबर सहा’ असे नाव दिले. अभ्यासात प्रगती नाही म्हणून शाळेने त्याला काढून टाकले. मग तो एका धंदेशिक्षण शाळेत लाकडावरचे कोरीव काम शिकला.

एका मुख्याध्यापकाच्या नजरेने पाहिले तर ही हकिगत इथेच संपते. प्रगती असमाधानकारक, नाव कमी केले. माझ्याही दप्तरात अशा नोंदी आहेत आणि त्यांखाली माझ्या सह्या आहेत.

त्याची खरी शाळा कोणती, हे समजण्यासाठी तिथली व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. सोव्हिएत संघात गाण्याची तबकडी काढण्याचा अधिकार ‘मेलोदिया’ या एकाच सरकारी कंपनीला होता. कोणते गाणे छापायचे, कोणता शब्द गाळायचा, हे तिथले अधिकारी ठरवीत. पाश्चात्त्य रॉक संगीत बाजारात उघडपणे मिळत नसे. मिळालेच तर चोरट्या वाटेने आणि भारी किमतीला. तरुण मंडळी रात्री बी.बी.सी.ची रशियन सेवा लावून बसत. तिथे सेवा नोव्हगोरोद्त्सेव्ह नावाचे निवेदक १९७७ पासून अशा संगीताचा कार्यक्रम सादर करीत. ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्याच मराठी मंत्रिमहोदयांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताची हकालपट्टी केली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला होता. सरकारने एक दार लावले की माणूस गाण्यासाठी दुसरे शोधतो. फरक इतकाच की आपल्याकडे केसकरांवर टीका करणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकत नव्हते.

ऐकण्याची सोय अशी झाली, पण स्वतःचे गाणे लोकांपर्यंत न्यायचे कसे? त्यासाठी टेपरेकॉर्डर होता. एकाने ध्वनिफीत करायची, दुसऱ्याने तिची नक्कल उतरवायची, तिसऱ्याने त्या नकलेची नक्कल करायची. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात कॅसेट भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. पण तिथे दुकान नव्हते, पैशाचा हिशेब नव्हता आणि प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढत जाई. अशा हातोहात फिरणाऱ्या फितींना रशियनमध्ये ‘मग्नितिज्दात’ म्हणत. गिटार घेऊन स्वतःच्या कविता गाणाऱ्या कवींची परंपरा आधीपासूनच या वाटेने चालत आली होती. १९८० साली वारलेला व्लादिमीर व्हिसोत्स्की हे तिच्यातले सर्वांत मोठे नाव. त्सोयच्या पिढीने तीच वाट रॉक संगीतासाठी वापरली.

दुसरी सोय म्हणजे घरगुती मैफल. कोणाच्या तरी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पंचवीस-तीस माणसे दाटीवाटीने बसत, खर्चासाठी थोडे रूबल गोळा होत. शेजाऱ्याने तक्रार केली तर पोलीस येत, आणि जमलेले पैसे हाच बेकायदा धंद्याचा पुरावा ठरे. गायकाला ध्वनिवर्धक नाही, पडदा नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून गायचे. त्सोयच्या गाण्याची ठेवण अशा बैठकींत घडली असे मला वाटते. लहान ओळी, बोलण्यातले साधे शब्द आणि फारसा चढउतार नसलेला खर्जातला आवाज. आगगाडीचा डबा, सिगारेट, पाऊस, रिकामा खिसा, रात्री न येणारी झोप, हे त्याचे विषय. सोव्हिएत रेडिओवर अहोरात्र ‘आम्ही’ गात होतो. हा मुलगा ‘मी’ म्हणाला. त्या काळी तेवढेही नवे होते.

१९८१ च्या मार्चमध्ये लेनिनग्राडच्या रुबिन्स्टाइन रस्त्यावर १३ क्रमांकाच्या इमारतीत ‘रॉक क्लब’ सुरू झाला. तरुणांना एकाच छपराखाली आणले की नजर ठेवणे सोपे जाते, असा गुप्त पोलिसांचा हिशेब होता. गाण्याचे शब्द आधी दाखवून त्यांवर मंजुरी घ्यावी लागे. प्रेक्षकांनी खुर्चीतच बसून राहायचे, नाचायचे नाही. पण पोलिसांना नजर ठेवायची म्हणून का होईना, गायकांना व्यासपीठ मिळाले. त्याच सुमारास ‘अक्वारियम’ या बँडचा ज्येष्ठ गायक बोरिस ग्रेबेन्श्चिकोव्ह याने लोकल गाडीत त्सोयचे गाणे ऐकले आणि या पोराला हाताशी धरले. त्सोयचे गुरू म्हणायचे तर हा बोरिस आणि दुसरा माइक नाउमेन्को. पुढे इंग्लंडमधल्या ‘द क्युअर’, ‘द स्मिथ्स’ अशा बँडचा सूरही त्याच्या गाण्यात उतरला. वेशभूषेत आणि उभे राहण्याच्या ढबीत मात्र त्याचा आदर्श होता ब्रूस ली! गोऱ्या रशियन मुलांत कोरियन चेहऱ्याच्या मुलाला हा नट जवळचा वाटला तर नवल नाही.

१९८२ साली त्सोयने आपल्या बँडला ‘किनो’ म्हणजे सिनेमा हे नाव दिले आणि पहिली ध्वनिफीत काढली. तिचे नाव नुसतेच ‘४५’, कारण ती साधारण पंचेचाळीस मिनिटांची होती. ती मुद्रित कुठे झाली हे वाचून मला हसू आले. आंद्रेई त्रोपिल्लो नावाचा एक खटपट्या गृहस्थ सरकारी ‘बालतंत्रज्ञ भवना’त शाळकरी मुलांसाठी ध्वनिमुद्रणाचे वर्ग चालवीत असे. मुले घरी गेली की त्याच खोलीत तो लेनिनग्राडच्या बंदी घातलेल्या किंवा दुर्लक्षित गायकांना मुद्रित करी. त्या पिढीचे कितीतरी संगीत अशा रीतीने एका अभ्यासेतर उपक्रमाच्या पोटात वाढले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दप्तर पाहिले असेल तर ते चोख असणार.

लष्करातल्या सक्तीच्या नोकरीची वेळ आली तेव्हा ती टाळण्यासाठी १९८३ साली त्सोय मनोरुग्णालयात दाखल झाला आणि सुमारे दीड महिना तिथे राहिला. ‘वॉर्ड नंबर सहा’ हे पोरवयातले नाव असे खरे झाले. हे वर्तन शूराचे होते असे मी म्हणणार नाही. पण ते दिवस अफगाणिस्तानातल्या युद्धाचे होते आणि गेलेल्या मुलांतली अनेक जस्ताच्या बंद पेटीतून परत येत होती. पुढच्याच वर्षी रॉक क्लबच्या महोत्सवात त्याच्या युद्धविरोधी गाण्याचा गौरव झाला. अमेरिकेच्या अण्वस्त्रांविरुद्धचे गाणे म्हणून सरकारला ते चालले. ऐकणाऱ्यांनी ते कोणत्या युद्धाविरुद्ध ऐकले, हे मात्र कोणी तपासले नाही.

सोव्हिएत कायद्यानुसार नोकरी न करणारा माणूस ‘परोपजीवी’ ठरे; याच आरोपाखाली १९६४ साली कवी जोसेफ ब्रॉडस्कीवर खटला झाला होता. म्हणून या गायकांनी रखवालदार, झाडूवाले अशी कामे पत्करली. त्सोयने १९८६ साली बॉयलरघरात काम धरले. तिथल्या थंडीत वस्तीतील घरे गरम ठेवण्यासाठी तळघरातल्या भट्टीतून नळांवाटे गरम पाणी फिरवतात. त्या भट्टीत कोळसा टाकायचा आणि उरलेल्या वेळात गाणी रचायची. या बॉयलरघराचे टोपणनाव होते ‘कामचात्का’. कामचात्का हे सोव्हिएत संघाच्या पार पूर्वेकडचे द्वीपकल्प, आणि म्हणूनच रशियन शाळांत वर्गातल्या शेवटच्या बाकांनाही ‘कामचात्का’ म्हणतात. शिक्षकापासून सर्वांत दूरची जागा! हा तपशील वाचला तेव्हा मला माझ्या वर्गातला तो प्रश्न विचारणारा मुलगा आठवला.

१९८६ साली त्सोयने रंगमंचावर एक नवे गाणे म्हटले. त्याचे नाव ‘पेरेमेन’, म्हणजे ‘बदल हवा’. त्याच वर्षी जोॲना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेने लेनिनग्राडच्या चार बँडच्या फिती लपवून देशाबाहेर नेल्या आणि ‘रेड वेव्ह’ या नावाने अमेरिकेत त्यांच्या तबकड्या काढल्या. ‘किनो’ त्या चारांपैकी एक. परदेशात तबकडी निघालेल्या गायकांना देशात नाकारणे आता अवघड झाले. १९८७ च्या ‘अस्सा’ चित्रपटाच्या शेवटी दिग्दर्शक सर्गेई सोलोव्योव्ह यांनी हेच गाणे वापरले. हॉटेलातली अधिकारी बाई नोकरीचे नियम वाचून दाखवते आहे, आणि त्सोय तिला तसेच वाचत ठेवून उठतो, रंगमंचावर जातो आणि गाऊ लागतो. समोर अंधारात हजारो माणसे उभी आहेत. बसून ऐकण्याचा नियम तिथे संपला होता.

१९८८ साली ‘ग्रुप्पा क्रोवी’ म्हणजे ‘रक्तगट’ ही त्याची ध्वनिफीत आली. ती मुद्रित झाली होती बँडच्या ढोलवादकाच्या घरी, चार ट्रॅकच्या लहानशा यंत्रावर. सैनिकाच्या बाहीवर लिहिलेल्या रक्तगटावर त्याने गाणे केले होते आणि ते अफगाणिस्तानातून परतलेल्या मुलांच्या तोंडी बसले. त्याच सुमारास कझाक दिग्दर्शक रशीद नुगमानोव्ह यांच्या ‘इग्ला’ या चित्रपटात तो नायक झाला. चित्रीकरण अल्माटीला झाले, म्हणजे वडिलांना ज्या भूमीत जन्म घ्यावा लागला तिथेच. १९८९ साली ‘सोव्हेत्स्की एक्रान’ या सिनेनियतकालिकाच्या वाचकांनी त्याला सर्वोत्तम नट ठरवले. आणि ‘मेलोदिया’? तिने १९८८ साली त्याच्या जुन्या ध्वनिफितीची तबकडी काढली, पण त्याला न विचारता.

२४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझनिकी क्रीडागारात साठ हजारांहून अधिक माणसांसमोर त्याने गायन केले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, १५ ऑगस्ट १९९० रोजी, लॅटव्हियात मासेमारी करून परतताना त्याची मोटार समोरून येणाऱ्या बसवर आदळली. चालवताना डुलकी लागली, असा निष्कर्ष निघाला. वय २८. १९ ऑगस्टला लेनिनग्राडमध्ये त्याला मूठमाती दिली गेली. बरोबर एक वर्षाने, १९ ऑगस्ट १९९१ रोजी, मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले, गोर्बाचेव्हविरुद्धचा कट झाला आणि फसला. आणि त्याच वर्षाअखेर तो देशच नकाशावरून गेला. हा निव्वळ योगायोग आहे. पण मॉस्कोतल्या अर्बात रस्त्यावर एका भिंतीवर तरुणांनी ‘त्सोय जिवंत आहे’ असे लिहिले, ते काही योगायोगाने नव्हे.

आता प्रश्न असा की, ‘बदल हवा’ या गाण्याने राज्य उलथले काय? इथे इतिहासाच्या शिक्षकाने सावध राहिले पाहिजे. स्वतः त्सोयने मुलाखतीत सांगितले होते की आपले गाणे म्हणजे राजकीय जाहीरनामा नव्हे. त्याला माणसाच्या आतला बदल अभिप्रेत होता. त्याच्या सोबत्यांनीही पुढे हेच सांगितले. पण लोकांनी त्यात आपल्याला हवे ते ऐकले. आणि ते ऐकणे अजून थांबलेले नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी बेलारूसच्या मिन्स्क शहरात सरकारने भरवलेल्या एका कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी अचानक हे गाणे लावले. दोघांना दहा-दहा दिवसांची कैद झाली. पुढे त्या साऱ्या आंदोलनात हे गाणे घुमत राहिले आणि एका वस्तीतल्या चौकाला रहिवाशांनी ‘बदलांचा चौक’ असे नाव दिले. गायक जाऊन तीस वर्षे झाली होती.

अण्णाभाऊ साठ्यांशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. अण्णाभाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी, ठरवून, सभेत गाण्यासाठी रचली. मैना कोण हे आपल्या भागात लहान पोरही सांगेल. शाहीर आणि श्रोते यांचा अर्थ तिथे एकच होता. त्सोयचे तसे नाही. त्याने स्वतःशी म्हटलेले लोकांनी सामुदायिक केले. दोन्ही गाणी इतिहासाची साधने आहेत. पण पहिल्यात चळवळ काय सांगत होती ते कळते, तर दुसऱ्यात चळवळ नसतानाही माणसे मनातून कुठे जाऊन पोहोचली होती ते कळते. ते सरकारी दप्तरात मिळत नाही. माझ्या भूमितीच्या पुस्तकाच्या कव्हरावर तर नव्हतेच. १९६१ साली अण्णाभाऊ रशियाला गेले आणि तो देश पाहून हरखले. त्यांनी पाहिले तेही खरेच होते. पण माणसाला पाहुणा म्हणून नेतात तेव्हा बॉयलरघर दाखवत नाहीत.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले, पण उद्या म्हणून कबूल केलेले उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. “म्हणजे गात होते,” एवढेच तो म्हणाला. वार्षिक परीक्षेत त्याला इतिहासात जेमतेम उत्तीर्णापुरते गुण मिळाले, कारण हा प्रश्न पेपरात येत नाही.

अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. त्सोयला शाळेने काढले. यावरून शाळा निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणारा मी नव्हे. छत्तीस मुलांच्या वर्गात छत्तीस त्सोय बसलेले नसतात. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘प्रगती’ आणि ‘वर्तन’ असे दोन रकाने असतात, आणि ते मी वर्षानुवर्षे एका-एका शब्दात भरत आलो. गेल्या जूनमध्ये असाच एक दाखला सहीसाठी समोर आला. मुलगा भजनी मंडळात पखवाज वाजवणारा, तीन विषयांत नापास. मी दोन दिवस सही केली नाही, त्याला आणि त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. तासभर बोललो. मुलगा शेवटी गेलाच. घरची अडचण माझ्या बोलण्याने सुटणारी नव्हती. ‘प्रगती’च्या रकान्यात काय लिहावे हे मात्र मला त्या दिवशी बराच वेळ सुचले नाही.